पूर ओसरला, पण धोका गाळात आहे: घर, गोठा, मोटार साफ करताना वीज आणि आगीपासून असं जपा

सांगली / सातारा : नदीचं पाणी उतरलं की प्रत्येक घरात एकच घाई असते. खराटा, फावडं, पाण्याचा पाइप घ्यायचा आणि गाळ काढायला लागायचं. आत अंधार असतो म्हणून कुणीतरी सांगतं, "जरा लाइट लावून बघा, दिसंना झालंय." नेमकी हीच वेळ सगळ्यात धोक्याची असते.

पूर चढताना आपण सावध असतो. पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून भीती वाटते. पाणी उतरल्यावर मागे राहतो तो गाळ, आणि त्या गाळात गटाराची घाण, डिझेल, खतं, फवारणीची औषधं असं सगळं मिसळलेलं असतं. अशा जागेत वीज सोडली किंवा काडी ओढली तर काय होऊ शकतं, याचा विचार कामाच्या घाईत राहून जातो. म्हणून हा लेख. वाचा आणि गावाच्या ग्रुपवरही टाका.

हे आपल्याला नवीन नाही

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही कृष्णेची इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २००५ च्या महापुराचा विक्रम मोडला. जुलै २०२१ मध्ये पाण्याने परत ५० फुटांची पातळी ओलांडली. पलूस तालुक्यातलं भिलवडी, अंकलखोप, मिरज तालुक्यातलं हरिपूर, सांगलवाडी, वाळवा आणि शिराळ्यातली नदीकाठची गावं, वर साताऱ्यात कराड, तांबवे, पाटण. इथल्या लोकांना पूर म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

नदीकाठी घरांबरोबर मोटारी, स्टार्टर, पेट्या आणि डीपीसुद्धा पाण्याखाली जातात. त्यामुळे पुरानंतरची साफसफाई म्हणजे नुसती झाडलोट नसते. वीज, रसायन आणि घाण असलेल्या जागेतलं ते जोखमीचं काम असतं. कारखान्यात अशा कामाआधी लाइन बंद करतात, हवा तपासतात, मग माणूस आत जातो. घरी आणि शेतातही तोच क्रम पाळायचा: आधी वीज तोडा, मग वास बघा, मग खराटा उचला.

घाण पाण्यात करंट जास्त का लागतो?

अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण पुराच्या पाण्यात मीठ, खत, साबण, मलमूत्र विरघळलेलं असतं. जितके क्षार जास्त, तितकी वीज सहज वाहते. शिवाय तासन् तास ओल्यात काम केलं की कातडी मऊ पडते, हाताला चिरा पडतात. कोरडी, जाड कातडी विजेला थोडाफार अडथळा करते. भिजलेली कातडी तो अडथळा करत नाही.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. स्विच, बोर्ड, किटकॅट, स्टार्टर यांत शिरलेला गाळ वाळला तरी त्याचा पातळ थर आतच राहतो. वरून सगळं कोरडं दिसतं. हवेत दमटपणा आला की तोच थर ओल धरतो आणि त्यातून करंट झिरपायला लागतो. कधी पेटीच्या लोखंडी पत्र्याला शॉक येतो, कधी आत ठिणगी पडून वायर जळते. म्हणून "दोन दिवस ऊन दाखवलंय, आता काय होत नाही" हा हिशेब विजेच्या बाबतीत चालत नाही.

करंट किती लागला म्हणजे माणूस दगावतो? साधा ४० वॅटचा बल्ब जेवढा करंट घेतो, तो सुमारे १७० मिलीअँपिअर असतो. त्याहून कमी, १०० मिलीअँपिअरच्या आसपासचा करंट छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. १० मिलीअँपिअरच्या पुढेच स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सुटत नाही. घरातला फ्यूज मात्र कित्येक अँपिअरला उडतो. म्हणजे माणूस चिकटलेला असतो आणि फ्यूज जागेवरच असतो. फ्यूज वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरला ट्रिप होणारं यंत्र लागतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी म्हणतात.

पायरी पहिली: वीज तोडा, सगळीकडून तोडा

मेन स्विच बंद केला म्हणजे झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण घरात वीज येण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त असतात.

● मेन स्विच : मेन स्विचपर्यंत जायला पाण्यात किंवा ओल्या गाळात उभं राहावं लागत असेल, तर हात लावू नका. वायरमनला सांगून खांबावरूनच लाइन तोडून घ्या. स्वतः खांबावर किंवा डीपीवर चढायचं नाही, फ्यूज काढायला काठीही घालायची नाही.

● इन्व्हर्टर : मेन बंद असला तरी इन्व्हर्टर घरातल्या बोर्डात २३० व्होल्ट सोडतच असतो. लाइट गेली की तो उलट चालू होतो. तो आधी बंद करा. बॅटरी पाण्यात बुडाली असेल तर तिच्या तारा स्वतः ओढू नका, जाणकाराला बोलवा.

● सौर पंप आणि छतावरचे सोलर : गावोगावी आता सौर कृषिपंप बसलेत. पॅनलवर ऊन पडतंय तोवर त्यातून वीज निघतच राहते, तिला महावितरणच्या लाइनशी देणंघेणं नसतं. तारांचे जोड भर उन्हात ओढून काढले तर मोठी ठिणगी पडते. कंट्रोलर बुडाला असेल तर लांब राहा आणि ज्या कंपनीने बसवला तिच्या माणसाला बोलवा.

● शेजारची वायर, आकडा : शेजाऱ्याकडून घेतलेली तात्पुरती लाइन, शेडला टाकलेली वायर, आकडा, हे सगळं आधी शोधा. पाण्याखाली गेलेल्या जागेत अशी एकही वायर चालू राहता कामा नये.

● मोटारीचा ऑटो : याने रानात घात होतो. लाइट आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, किंवा मोबाइलवरून चालणारा स्टार्टर असतो. तुम्ही मोटारीभोवतीचा गाळ काढताय, लाइट नाही म्हणून निर्धास्त आहात, आणि तेवढ्यात लाइन येते. कामाला हात घालण्याआधी पेटीचा मेन खाली पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि पेटीला कुलूप लावा. पेटीच बुडालेली असेल, तर हे सगळं वायरमनकडूनच करून घ्या.

"काम चालू आहे, लाइट लावू नये" अशी पाटी खडूने का होईना लिहून लावा. दोघं-तिघं काम करत असतील तर सगळे बाहेर आल्याशिवाय कुणीही मेन चढवायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या.

तार पडलेली दिसली तर

पुरात खांब कलतात, तारा तुटून चिखलात पडतात, खांबाचा ताणही सैल होऊन पाण्याला टेकतो. तार पडली तिथे वीज जमिनीत पसरते आणि तारेपासून जसजसं लांब जावं तसा जोर कमी होतो. आपला एक पाय जवळ आणि दुसरा लांब पडला की दोन्ही पायांमधून करंट वाहतो. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून म्हैस-बैल आधी पडतात. ओल्या गोठ्यात जनावर दावणीजवळ बिचकत असेल, पाणी प्यायला लोखंडी टाकीजवळ जात नसेल, तर करंट उतरल्याची शंका घ्या.

अशा वेळी तारेपासून लांब थांबा, बाकीच्यांना अडवा, महावितरणला कळवा. चुकून जवळ गेलाच असाल तर धावू नका. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, सरकत सरकत मागे या.

पायरी दुसरी: आत शिरण्याआधी वास बघा

पेट्रोल, डिझेल, रॉकेल पाण्यावर तरंगतं. पाणी उतरलं की त्याचा थर भिंतीला आणि कोपऱ्यातल्या गाळाला चिकटून राहतो. गाडीच्या टाकीतलं, फवारणी पंपातलं पेट्रोल घरात पसरलेलं असू शकतं. पेट्रोलची वाफ आणि सिलिंडरचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड असतात. खोलगट जागेत, तळघरात, मोरीत ते साचून राहतात.

म्हणून दार उघडल्यावर लगेच आत घुसू नका. सगळी दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर थांबून हवा खेळू द्या. विडी, सिगारेट, उदबत्ती, कंदील, काही नको. उजेडासाठी बॅटरी, आणि तीही बाहेरच चालू करून आत न्यायची. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळेला आत बारीक ठिणगी पडते. बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. पुरात बुडालेला सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीने तपासल्याशिवाय शेगडीला जोडू नका. वाहून आलेला सिलिंडर उचलून घरात आणू नका.

शौचालयाची टाकी, गटाराचं चेंबर, बायोगॅसचा खड्डा, बुडालेली विहीर, इथे धोका दुहेरी असतो. सडलेल्या घाणीतून मिथेन निघतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइडही निघतो, तो विषारी असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळायचाच बंद होतो. माणसाला वाटतं गॅस गेला, आणि तो आत उतरतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यामागे तिसरा. एकाच्या जागी तिघं जातात ते असे. अशा टाकीत घरच्या माणसाने उतरूच नये. पाणी बाहेरून उपसा, माणूस आत पडला असेल तर अग्निशमन दलाला बोलवा.

आपल्याकडे सांगली-हरिपूरला हळदीची पेवं असायची. पेव उघडलं की आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडून बघायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. जुन्या लोकांची ही रीत खरीच शहाणपणाची होती, पण ती हळदीच्या पेवापुरती. पेवात अडचण प्राणवायूची असते, पेट घेणारा वायू तिथे सहसा नसतो. गटाराच्या चेंबरवर किंवा पेट्रोल साचलेल्या तळघरात कंदील सोडला तर भडका उडेल. विषारी वायूबद्दल तर कंदील काहीच सांगत नाही. आजोबांची युक्ती जागा बघून वापरायची.

औषधं, खतं, चुना: गोदामातले लपलेले काडेपेटीचे खोके

द्राक्ष आणि ऊस पट्ट्यातल्या घरांत, शेडमध्ये खतं-औषधं भरपूर असतात. पाणी लागल्यावर त्यांचं काय होतं ते बघा.

● धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या : ओल लागली की यातून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो, आणि तो पेटही घेऊ शकतो. अशा डब्यावर पाणी मारू नका, डबा उघडून बघू नका. खोली उघडी ठेवून लांब व्हा आणि कृषी सहायकाला कळवा.

● १३:०:४५ सारखी विद्राव्य खतं : यात पोटॅशियम नायट्रेट असतं. ते स्वतः जळत नाही, पण आगीला प्राणवायू पुरवतं. या खताचं पाणी मुरलेली पोती, पाचट, कडबा वाळला की ठिणगीने भडकन पेटतो. अशी पोती चुलीत घालू नका.

● कळीचा चुना : पाणी लागलं की उकळी फुटावी इतका तापतो. पोत्यात, गवतात, लाकडी फळीवर असेल तर आग लागू शकते. गाळावर टाकायला विझवलेल्या चुन्याची पावडरच वापरा.

● ब्लिचिंग पावडर : निर्जंतुकीकरणाला चांगली, पण संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर मिसळली की क्लोरीन वायू निघतो. युरिया किंवा इतर खताजवळ ठेवू नका. डिझेल-ऑइल सांडलेल्या जागी टाकू नका, तिथे ती तापून पेटू शकते.

● गंधक : जळताना घसा आणि फुप्फुस धरणारा धूर निघतो. भिजलेली पोती वेगळी ठेवा.

औषधाच्या रिकाम्या बाटल्या, ओलं प्लास्टिक, गाद्या एकत्र करून पेटवायची पद्धत बंद करा. तो धूर विषारी असतो. डीपीखाली किंवा तारांखाली तर कचऱ्याचा ढीगही करू नका.

भिजलेला कडबा आपोआप पेटतो

हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण खरं आहे. अर्धवट ओली वैरण दाबून रचली की आत जंतू वाढतात, ते उष्णता सोडतात आणि ती बाहेर पडायला जागा नसते. गंजीच्या पोटात ताप वाढत जातो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, धूर निघतो. भिजलेली वैरण पसरून वाळवा, गंज रचू नका. रचलेलीच असेल तर रोज हात घालून बघा. गरम लागत असेल, आंबूस-करपट वास येत असेल, तर गोठ्यापासून लांब नेऊन मोकळी करा. पण धूर दिसत असेल तर एकट्याने फोडू नका, हवा लागताच भडका होतो. पाणी आणि माणसं तयार ठेवूनच हात घाला.

गाळ काढताना वापरायची यंत्रं

तळघरातलं पाणी उपसायला डिझेल इंजिन किंवा पेट्रोल पंप लावतात. इंजिन कधीही खोलीत, तळघरात, विहिरीत उतरवून चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय असं वाटेपर्यंत पायांतली ताकद गेलेली असते. इंजिन बाहेर ठेवा आणि पाइप आत न्या. टाकीत तेल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या.

जनरेटर आणला असेल तर त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी खोचू नका. ती वीज मीटरमधून मागे जाते, डीपीत चढते आणि ११ हजार व्होल्टची होऊन लाइनवर निघते. त्या वेळी पुढच्या खांबावर आपल्याच गावचा वायरमन लाइन बंद आहे समजून काम करत असतो.

विजेवर चालणारं प्रेशर मशीन किंवा पंप वापरायचाच असेल तर आरसीसीबी असलेल्या कोरड्या जागेतूनच लाइन घ्या. वायर अखंड हवी, जोड आणि चिकटपट्टी नको. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता वर टांगा.

गमबूट आणि रबरी हातमोजे जरूर घाला, लेप्टोस्पायरोसिस आणि जखमांपासून ते वाचवतात. पण ते घातले म्हणून शॉक लागणार नाही असं समजू नका. बुटात पाणी गेलं किंवा मोज्याला भोक पडलं की त्यांचा विजेपासून काही उपयोग नाही.

पायरी शेवटची: वीज परत जोडताना

१. पाण्याखाली गेलेले स्विच, सॉकेट, एमसीबी, होल्डर वाळवून परत वापरू नका. बदलून टाका. आधी फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला उपयोगी पडतात. पंचनाम्यासाठी वस्तू ठेवायची असेल तर वायर सोडवून बाजूला ठेवा.

२. मोटार आणि स्टार्टर रिवायंडिंगवाल्याकडे नेऊन उघडून धुवून, वाळवून घ्या. मेगर लावल्याशिवाय मोटार जोडू नका. साधारण १ मेगओहमपेक्षा कमी रीडिंग आलं तर ती अजून ओली आहे.

३. अर्थिंग तपासून घ्या. पुरात अर्थिंगची तार तुटते, निसटते, आणि ते दिसत नाही.

४. फ्यूजला तांब्याची जाड तार गुंडाळू नका. ठरलेलीच फ्यूज वायर घाला.

५. परवानाधारक वायरमनने तपासल्यावरच मेन चढवा. चढवताना घरात कुणी ओल्यात उभं नको. एकेक सर्किट चालू करा. ट्रिप झालं तर परत परत चढवू नका, कुठेतरी ओल आहे हाच त्याचा अर्थ.

यात दोन-चार दिवस जातात, पैसे जातात, हे खरं आहे. उसाला पाणी द्यायचंय, दूध काढायला लाइट पाहिजे, मोबाइल बंद पडलेत, सगळं मान्य. मोबाइल कोरड्या वस्तीवर चार्ज होईल, दूध हाताने निघेल. मोटार परत भरता येते, माणूस येत नाही.

शॉक लागला किंवा आग लागली तर

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल आणि लाइन घरगुती असेल, तर स्वतः कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारा. खांबावरची तार असेल तर काठीनेही जवळ जाऊ नका. सुटल्यावर श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शॉक लागून माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या, हृदयाचा त्रास नंतरही होऊ शकतो.

विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी मारू नका. आधी लाइन तोडा, मग कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक यंत्र वापरा. सल्फासच्या गोळ्या किंवा औषधांचं गोदाम पेटलं असेल तर विझवायच्या नादाला न लागता वाऱ्याच्या उलट दिशेला जा आणि माणसं हलवा.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

महावितरण : १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५
गॅस गळती : १९०६
अग्निशमन : १०१
रुग्णवाहिका : १०८
कोणतीही आपत्ती : ११२

ग्रामपंचायतींनी एक काम पावसाळ्याआधीच करावं. गावातले परवानाधारक वायरमन कोण, मेगर कुणाकडे आहे, कुठली डीपी आधी बुडते आणि कुठल्या घरांत सोलर-इन्व्हर्टर आहेत, याची यादी करून कार्यालयात लावावी. पाणी उतरल्यावर ती यादी घेऊन एका बाजूने घरं तपासत जाता येईल, आणि ज्या घराची तपासणी झाली त्याच्या दारावर खडूने खूण करता येईल. खूण नसलेल्या घरात कुणी मेन चढवायचा नाही, एवढं गावाने ठरवलं तरी पुष्कळ झालं.